तीन मिनिटं मागे

दाभोळात आमच्या घराला नेट धरतं ते फक्त स्लॅबवर,
पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, हातभर जागेत.
बिल्किसचाचीचे सोडे संध्याकाळी उचलले तरी
वास तिथेच झोपलेला असतो. त्याच्या शेजारी
मी चटई टाकते.

मुदस्सर दोह्यात काचा बसवतो, बत्तिसाव्या मजल्यावर.
गुरुवारी रात्री, वरच्या बंकावर, कानात वायर घालून
म्हणतो, "एक, दोन, तीन. लाव."
तिकडे साडेआठ, इकडे अकरा.
मी लावते.
माझ्याकडे ते गोल फिरत बसतं.

भरतीला नेट बरं चालतं अशी माझी समजूत आहे.
तो हसतो. मग कुठल्याशा विनोदावर परत हसतो,
आणि तो विनोद माझ्याकडे अजून निघालेलाच नसतो.

पिक्चर निवडायची पाळी खोलीतल्या लोकांची.
खालच्या बंकावरच्या फिलिपिनोला रडायला आवडतं;
त्याच्या पिक्चरमधली बाई परक्या घरची पोरं न्हाऊमाखू घालते
आणि नवऱ्याला खोक्यातून साबण पाठवते.
कोरियातला मुलगा बर्फात बसून तिच्या बुटाची नाडी बांधतो,
एवढ्यावर दोन तास.
फ्रान्सातली दोघं जेवायला बसतात, बोलतात, बोलतात,
ताटातलं गार होतं, मग ती उठून जाते.
(मी म्हटलं, अन्न तरी संपवायचं.)
इराणातली एकमेकांना हातसुद्धा लावत नाहीत.
तो तिच्या दारात भाकर ठेवतो आणि जिना उतरतो.
कॅमेरा भाकरीवरच.
ते आम्हांला दोघांनाही कळलं.

खालच्या इंग्रजी ओळी मला पुऱ्या लागत नाहीत.
मुदस्सर सांगतो, आपल्या बोलीत, आपल्या मनाने.
कुठल्याही मुलखातली बाई
त्याच्या तोंडून शेवटी "जेवलास का" असंच विचारते.
आधी त्याचा शब्द येतो,
तीन मिनिटांनी तिचे ओठ हलतात.
कुणी मरणार असेल तर तो सांगत नाही,
पण श्वास धरतो,
आणि मी त्या माणसाकडे तेवढा वेळ
जरा जास्तच नीट बघून घेते.

लग्नाला सहा वर्षं. एकत्र दिवस मोजले,
तर अकरा महिने आणि एक ईद.

मागच्या महिन्यात तुर्कस्तानचा एक होता.
बंदर, खलाशी, खिडकीशी बायको, आपल्यासारखीच वस्ती.
मध्येच त्याचं घोरणं ऐकू आलं.
बत्तीस मजले चढलेला माणूस, मी उठवलं नाही.
पहिल्यांदाच शेवटाला मी आधी पोचले.
खलाशी परततो. ती दार उघडते,
आणि "कोण हवंय?" असं विचारते.
तिचं डोकं फिरलेलं नाही, थट्टाही नाही.
खरंच विचारते.

सकाळी त्याचा मेसेज: काय झालं शेवटी?
मी लिहिलं: नेट गेलं.

पुढच्या गुरुवारी तोच परत लावला.
एक, दोन, तीन.
मी पडद्याकडे पाहतच नव्हते.
फोन कानाला धरून, डोळे मिटून,
त्या बंदरात त्याला एकट्याला चालू दिलं.
खोलीतला पंखा ऐकू येत होता. कुणीतरी खोकलं.
जिना. दार.
मग तो काहीच बोलला नाही.
"जेवलास का" नाही. काहीच नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"दाढी वाढवलीय मी. फोटो पाठवू?"

त्याच्याकडे पिक्चर संपला होता.
माझ्याकडे तीन मिनिटं उरली होती, ती तशीच राहू दिली.
खाली खाडीत कुणीतरी होडीचं इंजिन
चालू करत होतं, पुन्हा पुन्हा.
लागत नव्हतं.
"पाठव," मी म्हटलं,
आणि ते गोल फिरायला लागलं.