झाड क्रमांक एकेचाळीस

सुतळीची चौकट. दहा सेंटिमीटर रुंद, पन्नास लांब,
पाच खणांची.
छातीच्या उंचीवर, खोडाच्या चारही दिशांना धरायची
आणि कुठल्या खणात कोण राहतं ते लिहायचं,
जनगणनेची माणसं दार ठोठावून लिहितात तसं.

वेताळ टेकडीच्या कडेला हात पुरत नव्हता.
करडे, हिरवट, पिठूळ डाग,
प्रत्येकाला काठ, प्रत्येकाची हद्द,
आणि हद्दीवरून भांडणं, अगदी भावकीसारखी.
एका जुन्या आंब्याच्या फांदीवर तर
विटलेल्या लेसची झालर.
मी ती मोजली नाही. नुसती बघत बसले.

मग लॉ कॉलेज रस्त्याने खाली उतरत आले
आणि वहीतली गर्दी पांगत गेली,
एप्रिल संपताना हजेरीपट रिकामा होतो तशी.
झालरवाली आधी गेली.
मग पानांसारखी पसरणारी.
शेवटी सालीला नखासारखी घट्ट चिकटलेली, तीही.
नळ स्टॉपच्या पुढे ओळीने चार झाडं:
शून्य, शून्य, शून्य,
चौथ्याला मी साल खरवडून पाहिली.
बोटावर काजळी आली. शून्य.

एकेचाळीस नंबर स्वारगेटजवळचा पर्जन्यवृक्ष.
त्याच्या खोडाला तारेने बांधलेली पत्र्याची पाटी,
येथे पीयूसी मिळेल.
पाटीखाली स्टूल, स्टुलावर इलाहीभाई शिकलगार.
सायलेन्सरमध्ये नळी घालतात,
नंबरप्लेटचा फोटो काढतात,
आणि कागद देतात: वाहन मर्यादेत आहे.

"काय हरवलं, ताई?"
"दगडफूल."
"मसाल्यातलं?"
"त्याचंच कुणी चुलत."
"मग झाडावर कशाला शोधताय? बोहरी आळीत जा की."

खरंच आहे त्यांचं.
परवाच आईने पाव किलो आणवलं,
चुरगळलेल्या जुन्या पत्रांसारखं,
एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने फिकट.
तेलात पडलं आणि जिन्यापर्यंत वास गेला.
पुडीवर डोंगराचं नाव नव्हतं.
आमचा गोडा मसाला
कुणाच्या तरी चांगल्या हवेवर चाललाय.

मी इलाहीभाईंना सांगितलं,
एकाच बिऱ्हाडात दोघं असतात:
बुरशी घर बांधते, शैवाल स्वयंपाक करतं.
मुळं नाहीत. झाडाचं काही खात नाहीत,
फक्त टेकायला जागा घेतात.
ओल, अन्न, धूळ, जे काय ते हवेतून.
नाक मिटता येत नाही,
पान गाळून नवं आणता येत नाही,
येईल ते आत घ्यायचं.
"आणि जागाही सोडता येत नाही," ते म्हणाले,
मग खोकले.
गमतीने की खरंच, ते कळलं नाही.
मागून एक रिक्षा आली, त्यांनी नळी उचलली.

परत आल्यावर त्यांनीच दाखवलं.
उत्तरेच्या बाजूला, पाटीच्या वर वीतभर,
राखाडी-पांढरा ठिपका,
रुपयाच्या नाण्याएवढा.
"हे बघा! आहे! म्हणजे हवा ठीक. लिहा, लिहा."

हा कोण आहे ते मला ठाऊक होतं.
धूर चालतो ह्याला, धूळ मानवते.
बाकीचे उठून गेले की
त्यांच्या जागेवर हा पथारी पसरतो.
सांगणार होते.
पण तिसरीतल्या मुलासारखे ते
माझ्या पेन्सिलीकडे बघत होते.

लिहिलं: उत्तर. खण पहिला. एक.

"असा नाही," ते म्हणाले, "नीट कागद द्या.
गाड्यांना मी देतो, ह्याला कुणी दिला नाही अजून."
मी वहीचं पान फाडलं.
तारीख घातली. झाड क्रमांक घातला.
'मर्यादेत' लिहिताना पेन्सिलीचं टोक तुटलं,
त्यांनी खिशातलं पेन पुढे केलं
आणि धंद्यातल्या सवयीने विचारलं,
"मुदत काय टाकताय?
सहा महिने?"