नसलेली पायरी

टिव्होलीत मी पहिल्यांदा शिरलो तो खिडकीतून.
पुरुषांच्या मुतारीची खिडकी, तिची कडी सैल,
हे सपातांच्या कारखान्यामागच्या
आम्हा सगळ्या पोरांना ठाऊक होतं.
आज दारातून आलो, साठी उलटल्यावर.
पाइंटचे चार पौंड वीस मोजले
आणि मनात म्हटलं, घ्या, फिटलं एकदाचं.

दाराशी तिकिटाची खिडकी अजून आहे.
आत जिनच्या रिकाम्या बाटल्या आणि प्लॅस्टिकचं नेचं.
पडदा होता तिथे बार,
व्हिस्कीच्या बाटल्या एका ओळीत, मागून दिवा,
त्यामुळे लोक अजून
त्याच दिशेला तोंड करून बसतात.

जमीन सपाट केलीय म्हणतात.
म्हणतात.
पण डाव्या कोपऱ्यात बोटभर उतार राहिलाय.
डेरेक ऑर्मरॉडच्या हातून नाणं पडलं
ते टेबलांखालून, झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीजवळून
थेट पडद्याकडे गडगडत गेलं.
कोणी उठलं नाही. पाहत राहिलो,
खेळ पाहावा तसं.

वर भिंतीत दोन चौकोनी भोकं.
तिथून यायचा उजेड, सिगारेटच्या धुरातून,
आणि कोणी टोपी उडवली
की नायिकेच्या गालावरून सावली जायची.
आता तिथे मॅनेजरची कचेरी.
भोकामागे कीगन टोस्ट खाताना दिसतो,
खाली आम्ही, त्याचा पिक्चर.
कंटाळवाणा असणार. तो फोनकडेच बघतो.

बुधवारी हिंडलबाई असते, त्याच डाव्या कोपऱ्यात.
एकवीस वर्षं इथली टॉर्चवाली.
अंधारात बिलगलेल्यांच्या गुडघ्यांवर उजेड टाकायची,
चेहऱ्यावर कधीच नाही.
मला तिने दोनदा कॉलर धरून बाहेर काढलं.
तिसऱ्यांदा पाहून न पाहिल्यासारखं केलं,
त्या आठवड्यात बापाला कामावरून कमी केलं होतं.
आता सत्त्याऐंशीची. अर्धा ग्लास शँडी,
अर्धं पाकीट वेफर्स, उरलेलं रुमालात.
मी ओळख दिली नाही.
काय सांगणार, खिडकीतला?

पावणेदहाला फ्यूज गेला.
बाटल्या विझल्या, जुगाराच्या मशीनवरच्या चेऱ्या विझल्या,
आणि फोन खिशातून निघायच्या आधी
क्षणभर सगळे गप्प झाले.
भीतीने नाही. सवयीने म्हणावं
तर निम्म्यांचा तेव्हा जन्मही नव्हता.
इमारतीचीच सवय असेल.
काळोख झाला की इथे काहीतरी सुरू व्हायचं.

मग फोन लुकलुकले, कीगन शिव्या देत जिना उतरला,
सगळे दाराकडे निघालो
आणि मागून तो आवाज, जराही न चढवलेला,
खोकणाऱ्यालाही ऐकू जाणारा:
“पायरी आहे. पायरी सांभाळा.”

पायरी नाहीये. नव्व्याण्णव साली फोडली,
तिथे आता व्हीलचेअरसाठी उतार, वर रबराची चटई.
पण ऑर्मरॉडने पाय उचलला.
त्याच्या बायकोने उचलला.
गोंदवलेल्या दंडांच्या त्या तिघी पोरी,
ज्यांनी इथे कधी एक रीळ पाहिलं नाही, त्यांनीही.
मी उचलला, आणि कुठे ठेवावा
ते काही केल्या कळेना.

बाहेर फुटपाथवर सगळे कुडकुडत उभे,
कोणी हसत, कोणी टॅक्सीला फोन लावत.
हिंडलबाई सर्वांत शेवटी आली.
दारात वळून मागे पाहिलं, कोणी राहिलं नाही ना.
माझ्यापाशी थांबली, पर्स बंद करत म्हणाली,
“आज दारातून?”

मी काही बोलायच्या आत दिवे आले.
काचेतून तिचं टेबल दिसत होतं,
उताराकडे झुकलेलं.
ग्लास तिरका,
आतली शँडी सपाट.