कड

टेक्लेच्या शाळेच्या स्कर्टची कड
मी तीनदा उसवली, तीनदा शिवली.
चूक कापडात नव्हती.

तिबिलिसीचे नामांकित डॉक्टर एक्स-रेशी बोलले:
अडतीस अंश, ऑपरेशन, तारीख.
टेक्ले तोवर बटणं लावत होती;
एक काज चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.

परतीच्या व्हॅनमध्ये ती झोपली,
किंवा तसं दाखवलं.

कुताइसीच्या मझियाबाईंनी
आधी हात हीटरवर धरले.
मग मणका चाचपत तिलाच विचारलं,
"तुला कुठे वाकडं वाटतं?"
"आरशात."

खात्री त्यांनी दिली नाही.
पट्टा, सहा महिने, मग बघू.

पोलंडहून नवऱ्याचा फोन: कोण ठरलं?
हात ऊन होते म्हणून, हे कसं सांगू?
"जवळचं," म्हटलं.

रात्री टेक्लेला स्टुलावर उभं केलं,
पट्ट्यासाठी दोन इंच सोडले,
आणि कड तिच्या अंगावरच टाचली.