खोलीचा आवाज

स्टुडिओ बंद झाला तेव्हा
थकलेल्या तीन पगारांऐवजी
बोपर्डीकरांनी मला हेडफोन दिला.
म्हणाले, जर्मन आहे, नोकरीपेक्षा जास्त टिकेल.
टिकला.
कानांवरचं मखमली अस्तर दोनदा बदललं.
वायर तीन मीटर, कितीही गुंडाळा,
रात्रीतून आपल्या मनाने पसरते.
टोकाला पिन, करंगळीएवढी जाड.

लेकीने घेऊन दिलेल्या नव्या फोनला
भोकच नाही.
उलटा केला, कडेने बोट फिरवलं,
तान्ह्याचे कान टोचायचे राहिलेत का बघावं तसं.
खाली एक फट आहे, लेक म्हणाली, तेवढी पुरते.
तिचं ऐकणं बिनतारी :
दोन पांढऱ्या अक्कलदाढा, डबीत ठेवायच्या.

लॅमिंग्टन रोड. जिन्याखालचं दुकान, हेमल छेडा.
त्याने जाड पिनेला बारीक पिन लावली,
बारीक पिनेला शेपटी,
शेपटीचं तोंड फोनच्या फटीत.
सोयरीक सांगावी तसं झालं : हा त्याचा, तो तिचा,
आणि फिरून फिरून शेवटी आपलाच.
ऐकू आलं,
पण समोरच्या इमारतीतून कोणी बोलावं तसं.
हेमलने हेडफोनवरचा आकडा वाचला. तीनशे ओहम.
काका, शेपटीत एवढा दम नाही.

मग काचेखालून काढला
चिक्कीच्या वडीएवढा काळा तुकडा.
हा डॅक. आकड्यांचा आवाज करतो,
वर ढकलतोसुद्धा.
किंमत सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.
मी चार हजार दोनशे मोजले.

चारकोप, रात्रीचे साडेअकरा.
कोणालाही वाटेल, आता हा गाणं लावणार.
गाणं माझं काम नव्हतं. मी डबिंगवाला.
एकाच्या ओठांवर दुसऱ्याचे शब्द बसवायचे,
आणि दोन शब्दांमध्ये जे उरतं
तिथे खोलीची शांतता अंथरायची,
नाहीतर खड्डा ऐकू येतो.
म्हणून प्रत्येक खोलीची शांतता
मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवायची.

शेवटच्या दिवशीही केली.
कोणी हलू नका, असं म्हणायला
कोणी नव्हतं. तरी म्हणालो.
फाइलचं नाव : खोली, अंधेरी, शेवटची.

फोनच्या भोंग्यातून ही फाइल म्हणजे काही नाही.
लेकीच्या अक्कलदाढांतून ऐकली,
तेव्हाही काही नाही, फक्त जरा खरखरीत.
आज चिक्की हातात गरम होते आहे
आणि पहिल्यांदा एसी येतो, डावीकडून.
त्याचा पट्टा सैल होता. दर नऊ सेकंदांनी टिक.
मग ट्यूबलाइटचा चोक, केसाएवढा.
मग खूप खाली काहीतरी, जनरेटर असेल, नाहीतर रस्ता.
मग कोणाचा तरी श्वास.
माझाच. एकोणीस वर्षांपूर्वीचा,
नाक चोंदलेलं.

बेचाळिसाव्या सेकंदाला
दाराबाहेर कोणीतरी कपबशी खाली ठेवतं.
अगदी हळू. लाल दिवा बघून.

बाबल्या असणार.
सगळे गेले होते रे,
आणि मी तर त्या दिवशी मागच्या जिन्याने उतरलो.

हेडफोन उघड्या पाठीचा, बाहेर गळतो.
नलू कूस बदलते. काय ऐकतोयस?
काही नाही, मी म्हणतो.
एवढं खरं उत्तर तिला
बऱ्याच वर्षांत दिलं नसेल.

बॅटरी चार टक्के.
फटीत चिक्की बसली आहे, चार्जर बाहेर ताटकळतो.
एकच तोंड : एकतर जेवा, नाहीतर ऐका.

मी पुन्हा एकेचाळिसावर नेतो.