दोन बाजूंची पाटी

मानवतच्या मोंढ्याबाहेर आमचं दुकान, नऊ बाय अकरा.
पत्र्याची पाटी एकच, दोन्हीकडून रंगवलेली :
इकडून ‘गाद्या, उशा, रजया भरून मिळतील’,
तिकडून ‘कूलरच्या ताट्या बदलून मिळतील’.
दोन्ही बाजूंना ‘मिळतील’मधला ‘ळ’ उलटा,
कारण रंगारी एकच, तोही उधारीवरचा.

अब्बा ज्या दिवशी स्टुलावर चढून पाटी फिरवायचे
त्या दिवशी आमच्या गल्लीत ऋतू बदलायचा.
त्याआधी नाही.

भिंतीवर कॅलेंडरं तीन.
बँकेच्या कॅलेंडरात उन्हाळा एक मार्चला, बँक उघडते तसा वेळेवर.
शेजारच्या दिगंबर गुरवाच्या पंचांगात तेव्हा वसंत,
आणि आम्ही घामोळ्यांवर पावडर थापत असायचो.
तिसरी उर्दू जंत्री. तिचे महिने
कुठल्याच ऋतूत घर करून राहत नाहीत :
अब्बांनी पहिल्या रोज्याची सहरी रजईतून उठून खाल्ली,
माझा पहिला रोजा डोक्यावर ओला पंचा घेऊन गेला.

‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो,’ गुरव म्हणायचा.
अब्बा दोरा दातात धरून हसायचे.
‘तीन आठवडे झाले, दिगंबरभाऊ.
संध्याकाळची सुई मला कधीची दिसू लागलीय.’

कशावरून ठरवता, विचारलं तर त्यांना धड सांगता यायचं नाही.
शटरचं कुलूप सकाळी आठला हाताला कसं लागतं.
जिनिंगच्या राखेत झोपणारं लंगडं कुत्रं
रांजणाखाली कधी सरकतं.
धनुकलीखालून उडालेला कापूस
खाली बसतो, की तरंगत राहतो बराच वेळ.

शाळेत मी लिहिलं : हिवाळा, ऑक्टोबर ते जानेवारी.
पैकीच्या पैकी मार्क.
घरी आले तर अब्बा उघड्या अंगानं
ताटीची जाळी ताणत होते, पाठीवर भुसा चिकटलेला.
पेपर बघून म्हणाले, ‘छान. पण हे ऑक्टोबरला कोण सांगणार?’

पावसाळ्याला पाटीची बाजूच नव्हती.
पंचांगात मृग कधी गाढवावर बसून यायचा, कधी बेडकावर.
आमच्याकडे पाऊस पायी यायचा,
वाटेत चार ठिकाणी बसत, पुष्कळदा थेट श्रावणात.
मग पाटी खाली निघायची
आणि छत गळायचं तिथं कापसाच्या गाठोड्यांवर आडवी पडायची.
दारावर पाटी नाही, म्हणजे पावसाळा.

उधारीच्या वहीचं शेवटचं पान अजून आहे :
९ फेब्रुवारी. फिरवली.
२ मार्च. फिरवली.
२७ ऑक्टोबर. फिरवली. घाई झाली.
३ नोव्हेंबर. परत उलटी.
११ डिसेंबर. अजून नाही.
आणि एका वर्षापुढे नुसतं : कुत्रं मेलं. अंदाजानं फिरवली.

अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. आता स्टुलावर मी चढते.
परवा सकाळी पाथरीहून एक बाई आली,
आठ दिवसांच्या नातवाला रजई हवी, रात्री पाय गार पडतात म्हणाली.
रजईचं माप दोन वीत. मी पैसे घेतले नाहीत.
दुपारी क्लासवाले डुकरे सर, वर पत्रे, आत साठ पोरं :
सहा कूलर, उद्याच पाहिजेत.
एकाच तारखेला.

वही उघडली. ‘१३ फेब्रुवारी’ लिहिलं.
पुढं काय लिहावं ते सुचेना.
स्टुलावर चढले, पाटी काढली,
आणि भिंतीला टेकवून ठेवली, दोन्ही ‘ळ’ झाकून जातील अशी नाही,
एक तर दिसतोच.

गुरवाचा नातू सायकल थांबवून म्हणाला,
‘मावशी, दुकान बंद केलं का?’
म्हटलं, उघडंच आहे.
तुला काय होतंय, थंडी वाजतेय का उकडतंय, ते सांग.