अक्कलदाढ

एमजी रोडच्या डॉक्टरनं फिल्म उजेडात धरली:
आडवी झोपलीय. आठ हजार.
मी मनात साड्या मोजल्या,
दोनशे फॉल-पिको.

मग लवंग. मग गोळी, अर्धी अर्धी.
पोहे एकाच बाजूनं.
रात्री मल्हारगंजातली कुत्रीसुद्धा निजली,
जबडा जागाच.
शेवडेवहिनी म्हणाल्या, अक्कल येतेय, सोसा.
एकेचाळिसाव्या वर्षी?

शेवटी सरकारी दंत कॉलेज.
दहाची पर्ची, जिन्यापर्यंत रांग.
खुर्चीवर वाकलेली पोरगी,
हातमोज्यात बोटं थरथरणारी.
"पहिलीच का गं?"
तिनं आधी सरांकडे पाहिलं,
मग हळूच मान हलवली.

मला माझा पहिला ब्लाउज आठवला.
गिऱ्हाइकाच्या कापडावर कात्री टेकवून
कितीतरी वेळ
नुसती बसलेली मी.

"काप," म्हटलं,
"पण खुणेवरूनच."