मिठाची पोती

डकोटातल्या या गावापासून समुद्र दीड हजार मैल.
दर सोमवारी तो ट्रकमधून येतो, पोत्यांत भरून,
आणि रॅग्ना त्वेट तो कात्रीनं उघडते.

बाहेर बर्फ. पिवळ्या बसमधून मुलं उतरतात
दातांनी हातमोजे ओढत,
काचेला नाकं चिकटवतात.
शिट्टी. उडी. हेरिंगचा तुकडा.
पुन्हा उडी.

शेवटच्या खेळानंतर दिवे मालवून
ती पालथ्या बादलीवर बसते हौदाकाठी.
डॉल्फिन येतो. इथंच जन्मलेला.
त्याची आई आखातातून आणलेली;
भिंतीपाशी आली की तिची टकटक थांबायची,
स्वतःचाच आवाज उलटून लागायचा तिला.
हा थांबत नाही.
भिंत म्हणजे त्याला पाण्याचंच टोक वाटतं.

"समुद्र कसा असतो?"
एका मुलीनं विचारलं होतं दुपारी.
रॅग्नानं फलकावरचं सांगून टाकलं:
खोली, क्षार, तापमान.

रात्री घरी, दारात बूट काढताना
तिच्या ध्यानात आलं
की आपणही कुठं पाहिलाय?
एकसष्ट वर्षं झाली.

बोट जिभेला लावून बघितलं.
खारट.
प्रमाण तर बरोबर होतं.